पुतळ्याच्या हातातले पुस्तक मुलांच्या हाती कधी येणार?

दरवर्षी १५ ऑक्टोबर उजाडला की राज्यातील शाळांतून 'वाचन प्रेरणा दिन' साजरा होतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीदिनी २०१५ पासून हा उपक्रम सुरू आहे. मुले रांगेत पुस्तक उघडून बसतात, फोटो निघतात, एखादी चुणचुणीत मुलगी पुढे येऊन पुस्तकावरची कविता म्हणून दाखवते. पुस्तक हा मित्र आहे, पुस्तक हा खजिना आहे, पुस्तकाच्या पंखांवर बसून जगभर फिरता येते, असा त्या कवितेचा आशय असतो. टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी पुस्तके कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागते. आमची तक्रार त्या कवितेविषयी नाही. पुस्तकाचे कौतुक मुलांच्या तोंडी घालणाऱ्या प्रत्येक कवितेचे आम्ही स्वागतच करू. आमचा प्रश्न साधा आहे. ही कविता म्हणणाऱ्या मुलीच्या घरात शाळेच्या पुस्तकाव्यतिरिक्त एखादे पुस्तक आहे काय? आणि असेल, तर त्या घरातल्या पुस्तकावर, त्या घरातल्या वाचनावर मराठीत कुणी कविता लिहिली आहे काय?

मराठी बालकविता समृद्ध आहे, हे कुणीही नाकारणार नाही. विंदा करंदीकरांनी १९६१ साली 'राणीची बाग' आणि १९६३ साली 'एटू लोकांचा देश' लिहून मुलांना शब्दांशी खेळायला शिकविले. मंगेश पाडगावकर, शांता शेळके यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या ओठांवर गाणी दिली. ही संपदा आमच्याही मुलांची आहे. ती परकी म्हणून फेकून द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. शब्दांची गंमत कुणा एका जातीच्या मालकीची नसते. परंतु या कवितेत मुलाचे जे घर दिसते, ते बहुतेक वेळा एकाच प्रकारचे असते. तिथे आई गोष्ट सांगायला मोकळी असते, आजोबांना चष्मा असतो, सुट्टीत जायला मामाचे ऐसपैस घर असते आणि पुस्तक तर जणू जन्मापासूनच फळीवर ठेवलेले असते. ते तिथे कसे आले, हा प्रश्नच पडत नाही. आमच्या घरात पुस्तक असे आपोआप आले नाही. ते भांडून आले, उपाशी राहून आले, दागिना गहाण ठेवून आले. म्हणून आमच्या मुलाचा वाचनाचा आनंद कमी नाही. उलट त्या आनंदाला एक इतिहास आहे. हा इतिहास अजून बालकवितेत उतरलेला नाही, हे आमचे म्हणणे आहे.

विद्येची थोरवी मुलांना कवितेतून सांगण्याची आपली परंपरा शोधू गेल्यास ती थेट सावित्रीमाईंपाशी जाऊन पोचते. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८५४ साली, 'काव्यफुले' हा सावित्रीबाईंचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय होते २३ वर्षांचे. या संग्रहात फुले आहेत, फुलपाखरू आहे आणि त्याच्या जोडीला 'बाळास उपदेश', 'श्रेष्ठ धन' यांसारख्या रचना आहेत. ज्या समाजाला अक्षर पाहण्याचीही बंदी होती, त्या समाजाच्या लेकरांना उद्देशून एक शिक्षिका कविता लिहिते, ही घटनाच क्रांतिकारक आहे. बाहेर पडले की अंगावर शेण आणि चिखल झेलणाऱ्या या बाईने वर्गात मुलांपुढे उभे राहून राग आळवला नाही, तर फुलपाखरू आणि विद्या या दोन्ही गोष्टी एकाच संग्रहात मांडल्या. सौंदर्य आणि शिक्षण ही वेगळी करायची नसतात, हा धडा सावित्रीमाईंनी आपल्याला पावणेदोनशे वर्षांपूर्वी दिला आहे.

फुले दांपत्याच्या शाळेची एक आठवण सांगितली जाते. बक्षीस समारंभात पाहुण्यांकडून खेळणी, खाऊ मिळत असताना एका लहान मुलीने आम्हाला खाऊ नको, शाळेसाठी ग्रंथालय द्या, अशी मागणी केली. त्या मुलीचे नाव काही असो, तिची मागणी आजही शिल्लक आहे. याच शाळांतून शिकलेली मुक्ता साळवे हिने १८५५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' मधून छापून आला. ज्यांना ग्रंथ वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, हा सवाल या चौदा वर्षांच्या पोरीने त्या काळात विचारला. म्हणजे आपल्याकडे मूल आणि पुस्तक यांची भेट झाली, ती आनंद आणि प्रश्न या दोन्ही वाटांनी एकदम झाली. पुस्तक हाती आले आणि मूल बोलू लागले.

बाबासाहेबांचे बालपण तर पुस्तकाच्या भुकेचेच बालपण आहे. शाळेत गोणपाटावर वेगळे बसणारा हा मुलगा घरी परळच्या डबक चाळीतील एका खोलीत वाचत असे. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत झोपणे. मुलाने पुस्तक मागितले की सुभेदार रामजी आपल्या विवाहित लेकींकडे जात, उसने पैसे आणत, ते नसतील तर गहाण ठेवायला दागिना घेत आणि पुस्तक घरी येई. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. पुढे परीक्षेतील यशाबद्दल वस्तीने सत्कार केला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ते पुस्तक वाचून आपण भारावून गेलो, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. बांधवांनो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एका शाळकरी मुलाला कुणीतरी एक पुस्तक भेट दिले आणि काही दशकांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखो माणसांचे जीवन बदलले. बालवयात वाचलेल्या पुस्तकाची ताकद याहून मोठ्या पुराव्याने सांगता येणार नाही. याच मुलाने मोठेपणी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, ते माणसांइतकेच पुस्तकांसाठी.

ज्यांच्या वाट्याला शाळा आलीच नाही, त्यांचे वाचन तर आणखी विलक्षण आहे. दीड दिवस शाळेत गेलेले अण्णा भाऊ साठे मुंबईच्या रस्त्यांवर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे पाहत पाहत अक्षरे जुळवायला शिकले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांना तरुणपणी मुंबईत एका माणसाने आपले पत्र वाचून दाखवायला सांगितले. वाचता येत नाही म्हणून वामनदादांना रडू कोसळले. त्यानंतर ते समता सैनिक दलातील देहलवी मास्तरांकडून बाराखडी शिकले आणि येता-जाता पाट्या वाचू लागले. ज्याला पत्र वाचता येत नव्हते, त्याच्या गाण्यांनी पुढे खेडोपाडी भीमवाणी पोचली. फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या छोट्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी आलेल्या रद्दीचे कागद वाचत. त्यांनी घरच्यांपासून लपवून लिहिले, आणि त्यातून 'जिणं आमुचं' हे आत्मकथन उभे राहिले. दुकानाची पाटी, सिनेमाचे पोस्टर, रद्दीचा कागद हीच आमच्या माणसांची पहिली पाठ्यपुस्तके. अक्षराला अक्षर जोडून शब्द झाला, तेव्हा या माणसांच्या मनात काय उसळले असेल! हा वाचनाचा आनंद नव्हे तर काय?

आता विचार करा. हा सारा आनंद आपल्या आत्मकथनांत आहे, शाहिरांच्या आठवणींत आहे, जलशांत आहे. जात्यावर बसणाऱ्या आमच्या मायमाऊलींनी, ज्यांना स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हते त्यांनी, शिकलेल्या भीमावर ओव्या रचल्या. भीमजन्माचे पाळणे गाऊन लेकरांना निजवले. म्हणजे शिक्षणाचे गाणे आमच्या मुलांच्या कानी पडले, ते पाळण्यातच. पण पाळण्यातून उतरलेल्या, धावू लागलेल्या, वाचू लागलेल्या मुलासाठी पुढे काय? तिथे पोकळी आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या रांगाच रांगा लागतात. दीक्षाभूमीवरही तेच दृश्य असते. अंगावर धड कपडा नसलेला माणूस पोटाला चिमटा घेऊन पुस्तक विकत घेतो, याचा आम्हास सार्थ अभिमान आहे. परंतु त्याच्या बोटाला धरून आलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीने आपल्यासाठी पुस्तक मागितले, तर तिच्या हाती काय पडते? एक तर मोठ्यांच्याच चरित्राचा आटवलेला गोळा, नाही तर प्रश्नोत्तरांची सामान्यज्ञानाची पुस्तिका. जन्म कधी, पदवी कोणती, सत्याग्रह कुठे. ही माहिती हवीच. पण माहितीने मूल परीक्षा देते, वाचनाच्या प्रेमात पडत नाही.

आमच्या लेखक-कवींना मुलांशी बोलताना एक सवय जडली आहे. मूल दिसले की त्यांना उपदेश सुचतो. शीक, मोठा हो, साहेब हो, समाजाचे ऋण फेड. चार-पाच ओळींच्या कवितेत सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर साऱ्या समाजाचे ओझे ठेवले जाते. पुस्तक वाचताना हसू का येते, भीती का वाटते, पुढचे पान उलटल्यावाचून का राहवत नाही, याबद्दल एक शब्द नसतो. प्रस्थापितांच्या कवितेत मूल पुस्तकाबरोबर खेळते. आमच्या कवितेत मूल पुस्तकापुढे हात जोडून उभे असते. पुस्तकापुढे हात जोडायला लावण्याचे काम मनुवाद्यांनी हजारो वर्षे केले. पोथी मखरात आणि बहुजन उंबऱ्याबाहेर, ही त्यांची व्यवस्था होती. आपण तेच करायचे काय? आपल्या मुलाने पुस्तक उघडावे, उलटेसुलटे करावे, त्यातल्या चित्राला मिशा काढाव्यात, मधूनच वाचायला घ्यावे, आवडले नाही तर तसे सांगावे. 'ग्रंथ सांगतो म्हणून मानू नका' ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आहे. ती मुलांच्या भाषेत अशीच सुरू होते.

आमच्यातलेच काही जण म्हणतील, समाजावर अत्याचार होत आहेत, आरक्षणावर घाला येत आहे, नोकऱ्या कंत्राटी होत आहेत आणि तुम्ही बालकवितेवर अग्रलेख लिहिता? आम्ही त्यांना एवढेच सांगू, की बाबासाहेबांच्या 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या संदेशात 'शिका' हा शब्द आहे आणि शिकणे म्हणजे केवळ पास होणे नव्हे. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी आपल्याला दगा दिल्याची वेदना बोलून दाखविली. त्या वेदनेचा शोध घ्या. नोकरीपुरते वाचणारा माणूस नोकरी लागली की पुस्तक मिटवतो. बदली, बढती, फ्लॅट, गाडी यांत तो रमतो आणि वस्तीकडे पाठ फिरवतो. ज्याला लहानपणी वाचनाची गोडी लागली, तो निवृत्त झाल्यावरही वाचत असतो, वाचताना अस्वस्थ होत असतो, आणि अस्वस्थ माणूसच चळवळीत येतो. गोडी ही चैन नाही. ती चळवळीची गुंतवणूक आहे. आमच्या मुलांकडून शतकानुशतके केवळ अक्षर हिरावले गेले नाही, अक्षराचा आनंदही हिरावला गेला. अक्षर आम्ही परत मिळविले. आनंद परत मिळविणे अजून बाकी आहे.

मग आमच्या मुलांसाठी पुस्तकावरच्या कविता कशा असाव्यात? त्यांचे विषय आमच्या वस्तीत जागोजागी विखुरलेले आहेत. जुन्या पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालणारी आई, आणि अभ्यास सोडून त्या कव्हरावरचीच बातमी वाचत बसलेला मुलगा. मोठ्या बहिणीकडून भावाला आणि भावाकडून शेजारच्या मुलाला गेलेले एकच पुस्तक, त्यावर एकाखाली एक खोडलेली तीन नावे. आजीला मोबाईलवरचा संदेश वाचून दाखवणारी नात, आणि वाचता वाचता आजीला क, ख, ग शिकवणारी तीच नात. बसच्या खिडकीतून पाट्या वाचत, अर्धी पाटी सुटली म्हणून हळहळणारे पोर. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या मुलीच्या पेटीतले एक पुस्तक, पाचटाच्या खोपीत कितीदा तरी वाचलेले. नव्या पुस्तकाचा वास. फाटलेल्या शेवटच्या पानामुळे गोष्टीचा शेवट मुलांनी मिळून स्वतःच रचावा, अशी गंमत. यात रडगाणे नाही, उपदेश नाही, खोटे बोलणेही नाही. अशी कविता म्हणताना आमच्या मुलीला वाटेल, ही तर माझ्याच घरातली गोष्ट आहे. आणि कविता आपल्या घरात येऊ शकते असे कळले, की मूल स्वतः कविता लिहायला बसते.

मात्र नुसत्या कवितेने पोट भरणार नाही, हेही आम्ही जाणतो. पुस्तकाचे गाणे म्हणायचे आणि पुस्तक मिळू द्यायचे नाही, हा शुद्ध ढोंगीपणा आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. गोष्टीचे पुस्तक हा आपल्या मुलाचा कायदेशीर हक्क आहे, कुणा दानशूराचा उपकार नव्हे. किती पालकांना हे ठाऊक आहे? किती शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठकीत ही मागणी होते? दुसरीकडे शासनाने २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आणला. वाडी-तांड्यावरची शाळा बंद होते, तेव्हा केवळ फळा आणि बाके जात नाहीत. त्या वस्तीत गोष्टीचे पुस्तक मिळण्याची बहुधा एकमेव जागाही जाते. सातारा जिल्ह्यात भिलार येथे २०१७ साली 'पुस्तकांचे गाव' झाले, त्याचे कौतुक जरूर व्हावे. पण एक गाव पुस्तकांचे करून बाकीच्या गावांतील पुस्तके कुलपात ठेवण्याचा परवाना शासनाला मिळत नाही.

शासनाकडून हक्काचे ते भांडून घ्यावेच लागेल. पण सारे शासनावर सोपवून बसणे ही आंबेडकरी रीत नव्हे. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा वसतिगृहांबरोबर वाचनालये काढणे हा तिच्या उद्देशांचा भाग होता. त्या वेळी समाजाच्या खिशात काय होते? तरीही वाचनालय सुचले. आज आपल्या गावोगावी बुद्धविहार आहेत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात रोज 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ही फार मोठी परंपरा आपण उभी केली आहे. ग्रंथवाचन ऐकायला बसलेल्या मोठ्या माणसांच्या मागे मुले चुळबुळत असतात आणि आपण त्यांना डोळे वटारून गप्प बसवतो. त्याऐवजी वंदना झाल्यावर पहिला अर्धा तास मुलांचा का असू नये? एका मुलाने गोष्ट मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने कविता म्हणावी, जातककथेतील माकड आणि हत्ती यांची सोंगे काढावीत. विहारातील एक कपाट मुलांचे असावे. त्याला कुलूप नसावे. पुस्तक फाटले तर फाटू द्यावे. कपाटात वर्षानुवर्षे कोरे राहिलेले पुस्तक हीच आम्हाला खरी नासधूस वाटते.

जयंतीच्या वर्गणीचाही हिशेब मांडू या. १४ एप्रिलला डी.जे.च्या भिंती उभ्या राहतात, रोषणाई होते, एका रात्रीत मोठी रक्कम उडून जाते. आनंद साजरा करण्याच्या विरोधात आम्ही नाही. भीमजयंती हा आमचा सण आहे आणि तो वाजतगाजतच व्हावा. परंतु गोळा झालेल्या प्रत्येक १०० रुपयांतील १० रुपये मुलांच्या पुस्तकांसाठी बाजूला काढण्याचा ठराव एखाद्या जयंती मंडळाने करून पाहावा. दरवर्षी तेवढ्यातून विहारातील कपाटाचा एक खण भरेल. आणि आमच्या कवींना, शाहिरांना, शिक्षकांना आमचे आवाहन आहे, की मोठ्यांच्या कविसंमेलनात टाळ्या मिळविल्यावर एकदा वस्तीतल्या पोरांपुढे उभे राहा. त्यांना कविता ऐकवा. आवडली नाही तर ती उठून खेळायला जातील. याहून प्रामाणिक समीक्षक मिळणार नाहीत.

आपल्या वस्तीत, चौकात, नाक्यावर बाबासाहेबांचा पुतळा आहे. निळा कोट, उंचावलेले बोट आणि दुसऱ्या हातात छातीशी धरलेले पुस्तक. देशातील दुसऱ्या कोणत्या समाजाच्या मुलांना त्यांच्या महापुरुषाच्या हाती तलवारीऐवजी पुस्तक पाहायला मिळते? आमचे मूल चालायला लागण्याआधी, बापाच्या खांद्यावर बसून हे पुस्तक पाहते. त्याच्या आयुष्यातले पहिले पुस्तक तेच. पण ते दगडाचे किंवा धातूचे आहे. ते उघडत नाही, त्याची पाने उलटत नाहीत. ते उघडणारे, पाने उलटणारे, वाचून हसणारे पुस्तक त्या मुलाच्या हाती देणे आणि त्या पुस्तकाचे गाणे त्याच्या ओठी देणे, हे काम आपले आहे. फुले दांपत्याच्या शाळेतल्या त्या मुलीने खाऊ नाकारून ग्रंथालय मागितले होते. तिच्या मागणीला पावणेदोनशे वर्षे होत आली. आता आणखी किती वाट पाहायला लावणार, याचे उत्तर शासनाने द्यायचे आहे आणि आपणही.